किल्लीकाकांचं दार

गल्लीत कुणाची किल्ली हरवली की माणसं आधी स्वतःचे खिसे चाचपतात, मग घरातल्यांवर खेकसतात आणि शेवटी मुकाट्यानं किल्लीकाकांकडे येतात. तळमजल्यावर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टेबल, किल्ली कापायचं यंत्र आणि भिंतभर लटकवलेल्या बिनदातांच्या किल्ल्या. त्याच इमारतीत वर दुसऱ्या मजल्यावर घर. काकांचा एक खेळ साऱ्या गल्लीला ठाऊक होता. डोळे मिटून हात पुढे करायचे, कुठलीही किल्ली द्या म्हणायचं, आणि नुसती बोटं फिरवून सांगायचं, ही कपाटाची, ही सायकलची, ही तुझ्या बापाच्या जुन्या ट्रंकेची आणि हिचा एक दात झिजलाय, नवी करून घे. सहसा चुकायचे नाहीत. चुकले तर किल्लीलाच नावं ठेवायचे.

पण काकांचा खरा जीव होता तो स्वतःच्या घराच्या दारात. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, मध्ये दुहेरी लॅच, त्याच्या खाली भिंतीत घुसणारा लोखंडी दांडा. आणि या सगळ्याला आतूनसुद्धा किल्लीच. कडी नाही, खिटी नाही, फिरवायचं बटण नाही. कारण विचारलं की काका घसा खाकरून बसायचे आणि समोरच्यानं निदान एक चहा संपेल एवढा वेळ हाताशी ठेवावा. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या दाराची काच फोडून चोरानं आत हात घातला होता, आतली कडी काढली होती आणि घर धुऊन नेलं होतं. ते दार काकांनीच बसवलेलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण काकांच्या मनात ते कायमचं बसलं.

"कुलूपवाल्याच्याच घरात चोर शिरला, तर उद्या मला कुणी सायकलचं कुलूप तरी विचारेल का?" ते म्हणायचे.

या दारापायी घरात काय काय चालायचं ते काकूंना विचारा. दूधवाला बेल वाजवायचा, वरच्या मजल्यावर दूध घालून यायचा, तिथल्या आजींशी चार गोष्टी करायचा आणि खाली येईपर्यंत काकूंचा शेवटचा बोल्ट जेमतेम निघालेला असायचा. काकांचा जुडगा कायम त्यांच्या कमरेला. काकूंचा वेगळा होता, पण तो चोराच्या हाती लागू नये म्हणून काकांनी अशा जागी लपवला होता की कधीकधी काकूंनाच तो शोधावा लागे. दुकानात जाताना काका बाहेरून दार बंद करायचे, सगळी कुलपं लावायची, दोनदा ओढून बघायचं आणि मग शीळ घालत जिना उतरायचा. इतक्या वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

तर अशा या घरी सुट्टीत भिंगरी राहायला येणार होती. भिंगरी म्हणजे काकांची नात. एका जागी बसली तर ताप आला की काय म्हणून बघावं लागेल, अशी. तिच्या आईला कामाच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं, बाबा आधीच परगावी नोकरीला, आणि पहिल्यांदाच पोरगी आईशिवाय इतके दिवस आजी-आजोबांकडे राहणार होती. काकांनी महिनाभर आधी तयारी सुरू केली. एका फळीवर त्यांनी छोट्या छोट्या कड्या, साखळ्या, खिट्या आणि एक पितळी कुलूप बसवलं, पोरीला उघडझाक करत खेळायला. आता आपल्याच घरात आतून उघडता येईल अशी एकुलती एक कडी खेळण्यात असावी, यात काही गंमत आहे हे काकांच्या डोक्यातही आलं नाही.

पोरीला आधी आठवडाभर सवय व्हावी म्हणून शनिवारी सकाळीच लेक तिला घेऊन आली. एका हातात भिंगरी, दुसऱ्या हातात भिंगरीची भली मोठी निळी पिशवी. बेल वाजली. आतून काकांचा आनंदी आवाज आला, "आलो, आलो!" मग खडखड, खटखट, कर्रर्र, पुन्हा खडखड. भिंगरी दाराबाहेर एका पायावर उड्या मारत होती. लेक मात्र त्या आवाजांकडे कान देऊन उभी होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत चालली होती.

त्याला कारण होतं. महिन्याभरापूर्वी तिच्या इमारतीत खालच्या घरात आग लागली होती. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, हीटर आणि आणखी कायकाय लावलेलं, बोर्ड तापला आणि पडद्यानं पेट घेतला. कुणाला काही झालं नाही, पण जिन्यात इतका धूर भरला की लेकीला कडेवरच्या भिंगरीचं डोकं दिसेना. तेव्हापासून ती कुणाच्याही घरी गेली की आधी दार बघायची, मग खिडकी बघायची आणि मग बसायची.

आजही तेच झालं. चहाचा कप हातात घेऊन ती घरभर फिरली, खिडकीचे गज हलवून बघितले, आणि म्हणाली, "बाबा, इथे आग लागली तर तुम्ही दोघं बाहेर कसे पडाल?"

"आग कशाला लागेल?" काका म्हणाले. "तुझी आई काय शेकोटी करते घरात?"

"आमच्या खालच्यांनीपण केली नव्हती."

"अगं, जुडगा कमरेला असतो माझ्या. डोळे मिटून उघडेन मी हे दार."

"मग मिटा," लेक म्हणाली.

काका हसले. त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण लेकीनं खुर्चीवरचा मफलर उचलला, बाबांच्या डोळ्यांवर घट्ट बांधला आणि स्वयंपाकघरातला नॅपकिन घेऊन आईच्या डोळ्यांवर बांधला. काकू म्हणाल्या, अगं माझं काय, पण तोवर गाठ बसली होती. दोघांना आतल्या खोलीत नेऊन उभं केलं. लेक आणि भिंगरी बाहेर जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबल्या. त्या बाहेर गेल्यावर काकांनी पट्टी वर करून, आतून नेहमीसारखी सगळी कुलपं लावून, आतल्या खोलीत परत येऊन पट्टी पुन्हा खाली केली. परीक्षा म्हणजे परीक्षा.

"भिंगरी शंभरपर्यंत मोजेल," लेक बाहेरून ओरडली. "तेवढ्यात जिन्यात या. आग!"

भिंगरीचं मोजणं म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. तिशीपर्यंत नीट, पुढे जे आवडतील ते आकडे. पण काका कशाला घाबरतात? एका हातानं भिंत धरून ते सरसर निघाले, टेबलाला वळसा घातला, दाराशी पोचले. वरचा बोल्ट, ही त्रिकोणी डोक्याची किल्ली. खालचा, ही जाड. बोटं काही विसरली नव्हती. एकेक कुलूप खट, खट करत निघत गेलं आणि भिंगरीनं सत्तरीवरून एकदम नव्वदीत उडी घेतली त्याच क्षणी काका दार उघडून बाहेर आले. दार मागे ओढलं. मफलर काढला. छाती पुढे काढून म्हणाले, "बघ. कुणाला सांगतेस?"

भिंगरीनं टाळ्या वाजवल्या. लेकीनं वाजवल्या नाहीत. ती बाबांच्या हाताकडे बघत होती.

काकांनीही खाली बघितलं. त्यांचा उजवा हात दाराच्या किल्लीवर होता. दार ओढल्याबरोबर हातानं आपोआप दांडा लावला होता, लॅच फिरवलं होतं, आणि आता तो रोजच्या सवयीनं दार दोनदा ओढून बघत होता.

"बाबा, आई कुठे आहे?" लेकीनं विचारलं.

आतून दारावर टकटक झाली. मग काकूंचा आवाज आला, अगदी शांत. "मी आतच आहे. तुमचं सगळं झालं की सांगा."

काकांनी घाईनं किल्ली फिरवायला घेतली, पण लेकीनं त्यांचा हात धरला. "थांबा. आई, तू तुझ्या किल्ल्या घेऊन बाहेर ये."

आत पावलं गेली. मग स्टूल ओढल्याचा आवाज. मग डबे सरकल्याचा. एक झाकण पडलं आणि फरशीवर बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

"आई, काय करतेस?"

"किल्ल्या काढते."

"कुठून?"

"गॅसच्या वरच्या फळीवरून. चहाच्या डब्यात असतात ना त्या, पुडीच्या खाली."

लेकीनं डोळे मिटून घेतले. ज्या जागी घरात सगळ्यात आधी आग लागायची, त्याच्या डोक्यावर बाहेर पडायच्या किल्ल्या. काकांनी दार उघडलं तेव्हा काकू स्टुलावर उभ्या होत्या, डोळ्यांवर नॅपकिन तसाच, हात चहाच्या भुकटीत कोपरापर्यंत. "पट्टी सोडा असं कुणी म्हणालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

एरवी या गोष्टीवर सगळे पोट धरून हसले असते. भिंगरी हसलीसुद्धा. पण लेकीनं आईला हात देऊन खाली उतरवलं आणि निळी पिशवी पुन्हा उचलली.

"बाबा, रागावू नका. दार मागे ओढलंत ते बरोबरच होतं, त्यानं धूर अडतो. पण कुलूप? मी हिला इथे ठेवून जाऊ शकत नाही. मला झोप लागणार नाही तिकडे."

"मग कुठे ठेवणार?" काकांनी विचारलं, जरी उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"तिच्या दुसऱ्या आजीकडे."

दुसऱ्या आजीकडे अंगण होतं. अंगणात झोका होता. शिवाय नुकतीच मांजरीला पिल्लं झाली होती. एकदा का पोरगी तिकडे रमली, की पुढच्या सुट्टीत इकडचं नाव तरी काढेल का? पण पुरुषमाणसाचा ताठा असा की तोंडातून आलं भलतंच.

"म्हणजे आता मी चोरांसाठी दार उघडं टाकू?"

"मला पुढच्या रविवारी निघायचंय," लेक म्हणाली. "शनिवारी परत येते. दार असं हवं की आतून भिंगरीला उघडता आलं पाहिजे. एकटीला. किल्लीशिवाय. नाही जमलं तर राहू दे, बाबा, मी समजेन."

त्या निघून गेल्या. कड्या बसवलेली फळी टेबलावर तशीच राहिली. भिंगरीनं तिला हातसुद्धा लावला नव्हता.

दुपारभर काका धुमसत होते. पाच वर्षांच्या पोरीला उघडेल ते दार? त्याला दार म्हणतात? मग मी इतकी वर्षं केलं काय? ही शिकली आणि बापालाच शिकवायला लागली. काकू समोर बसून बटाटे सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवली.

"अहो, एक सांगू? तुम्ही रोज दुकानात जाता तेव्हा बाहेरून कुलपं लावता. मी कधी काही म्हणाले नाही. मला वाटायचं, तुम्हाला माझी काळजी आहे."

"आहेच."

"आहे, माहितीय मला. पण सकाळी मी त्या दाराच्या आत उभी होते, डोळे बांधलेले, आणि तुम्ही बाहेर हसत होतात. खोटंखोटं होतं सगळं. तरी मला भीती वाटली. खरी भीती वाटली. तुम्ही मला विसरलात असं वाटलं."

काकांनी एक बटाटा उचलला आणि सोलायला घेतला, जे त्यांनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच केलं. साल इतकी जाड काढली की बटाटा अर्धा उरला. काकूंनी तो तसाच पातेल्यात टाकला.

सोमवारी दुकानावर बंदची पाटी लागली. समोरच्या शिंपीणवहिनी, ज्यांच्या शिलाई मशिनवरून साऱ्या गल्लीत काय चाललंय ते दिसतं, त्यांनी तोंडातली टाचणी काढून विचारलं, "काय किल्लीकाका, तब्येत बरी नाही का?"

"गिऱ्हाईक अडून बसलंय," काका म्हणाले. "फार हट्टी आहे."

घरात मात्र धुमाकूळ. दार बिजागऱ्यांवरून उतरवून बैठकीत दोन स्टुलांवर आडवं ठेवलेलं, सगळीकडे लोखंडाचा कीस, आणि दाराच्या जागी काकूंनी लावलेली चादर. काका म्हणायचे, आतून कडी म्हणजे दार नव्हे, पडदा. आता खराच पडदा लागला होता आणि चोर काही आला नाही. दूधवाला मात्र पडद्याबाहेर उभा राहून, आता वाजवू काय, म्हणून विचारत होता.

काकांना अडचण एकच होती, पण ती जुनीच होती. आतून सहज उघडणारी गोष्ट बाहेरून हात घालून, तार घालूनही उघडता येते. तीन दिवस ते दारापुढे बसून होते. कधी गुडघ्यांवर बसायचे, कारण भिंगरीचा हात जिथे पोचतो तिथून बघायला हवं ना. गुडघे दुखले की काकूंना शिव्या द्यायचे, काकू हसल्या की स्वतःला द्यायचे. मग बुधवारी जेवता जेवता त्यांचा हात मध्येच थांबला. घास तसाच ठेवून ते उठले. बोल्ट, लॅच, दांडा, हे सगळे एका उभ्या पट्टीला जोडले तर? पट्टीला खाली एकच मूठ. मूठ खाली दाबली की सगळे एकदम मागे. दार बंद झालं की स्प्रिंगनं आपोआप पुन्हा बसणार. बाहेरून मात्र तीच जुनी कुलपं, त्याच किल्ल्या. आणि मुठीभोवती पत्र्याची अशी पन्हाळी की फटीतून शिरलेली तार भलतीकडेच वळेल. दारावर एक जुनी छोटी काच होती, तिच्या जागी जाड फळी. काकांनी ताट बाजूला सारून टेबलावरच खडूनं चित्र काढलं, आणि काकूंनी ते पुसलं नाही.

स्प्रिंग पहिल्यांदा इतकी कडक झाली की काकूंना दोन्ही हातांनी लटकावं लागलं. मग ती उतरवली, दुसरी घातली. दार आपोआप ओढलं जावं म्हणून बिजागरीलाही एक स्प्रिंग बसवली, तेल पाजलं. शेवटी काका गुडघ्यांवर बसून करंगळीनं मूठ दाबायचे, खटक्, सगळं एकदम मागे. त्या आवाजावर ते इतके खूश झाले की दिवसभर खटक् खटक् चालू होतं. खिडकीच्या गजांचा एक भागही त्यांनी कापून बिजागरीवर बसवला, आतून उघडेल असा.

काकूही गप्प बसल्या नव्हत्या. गॅसजवळचा पडदा त्यांनी काढून टाकला. कढई पेटली तर झाकायला मोठं झाकण हाताशी खिळ्यावर टांगलं, आणि तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, हे काकांकडून तीनदा म्हणवून घेतलं. टीव्हीमागचा एक्स्टेंशन बोर्ड, ज्याच्यावर काकांनी आणखी एक बोर्ड लावला होता आणि त्याच्यावर आणखी एक, तो त्यांनी चिमट्यात धरल्यासारखा उचलून काकांच्या मांडीवर नेऊन ठेवला. आणि चहाचा डबा रिकामा केला.

"तुझ्या किल्ल्या कुठे गेल्या?" काकांनी विचारलं.

"आहेत एका ठिकाणी," काकू म्हणाल्या. "तुम्ही लपवल्यात ना इतकी वर्षं. आता मी ठेवल्यात."

काका स्प्रिंगच्या नादात होते. पुढे विचारायचं राहून गेलं.

शनिवारी बेल वाजली आणि दूधवाल्यालाही पटलं नसतं इतक्या लवकर दार उघडलं. लेक दारातच थबकली. काकांनी तिला नुसती मूठ दाखवली. लेकीनं ती दाबून बघितली. मग भिंगरीनं दाबली. मग भिंगरीला तिथून हलवेना. निळी पिशवी आत आली, पण लेकीनं ती दाराजवळच भिंतीला टेकवून ठेवली, उचलून न्यायला सोपी अशी.

"पुन्हा करायचं," ती म्हणाली. "या वेळी भिंगरीपण आत. आई, तू बाबांचा हात धर. धूर असेल तर कसं यायचं, सांगितलंय मी भिंगरीला."

"मलापण माहितीय," काका म्हणाले.

काकांनी कमरेचा जुडगा काढून आतल्या खिळ्यावर अडकवला. आग लागली की काही घ्यायला थांबायचं नाही, हे त्यांनी पाठ केलं होतं, आणि आज आपण नियमाबाहेर नाही हे त्यांना दाखवायचं होतं. तिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. लेक बाहेर जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. दार बंद झालं, खटक्.

"आग!"

काकांनी काकूंचा हात घट्ट धरला. इतका घट्ट की काकू म्हणाल्या, अहो, बांगडी मोडेल. भिंत, टेबल, वळसा, दार. भिंगरी पुढे पळाली असणार, तिचा काय वेग सांगावा. मूठ, खटक्, आणि दोघं बाहेर. काकांनी पट्टी ओढून काढली. काकू शेजारी उभ्या होत्या, त्यांचा हात अजून काकांच्या हातात होता. काका लेकीकडे बघून हसले. आणि मागे दार स्प्रिंगनं, अगदी मऊपणे, बंद झालं.

"भिंगरी कुठे आहे?" लेक म्हणाली.

जिन्यात कुणीच नव्हतं. काकांचा हात कमरेकडे गेला. कमर रिकामी. जुडगा आत, खिळ्यावर. पोरगी आत. आणि पुढे ते दार, ज्याच्यात तार शिरणार नाही, काच फुटणार नाही, हात जाणार नाही अशी सोय त्यांनी स्वतः आठवडाभर खपून केली होती. साऱ्या गल्लीची दारं उघडणारा माणूस आपल्याच दारापुढे रिकाम्या हातांनी उभा होता. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. खोटंखोटं आहे, हे तिघांनाही माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"भिंगरे," काकांनी हाक मारली. "बाळा, मूठ कुठे आहे माहितीय ना?"

आत काहीतरी फरशीवरून सरकत येत होतं. मग खटक्.

दार थोडं उघडलं. फटीतून भिंगरीचं डोकं बाहेर आलं, पण फार खाली, काकांच्या गुडघ्याशी. डोळ्यांवर पट्टी, हात-पाय फरशीवर, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. ती रांगत रांगत उंबऱ्याबाहेर आली, मगच उठली, आणि पट्टी वर करून आजोबांकडे रागानं बघितलं.

"तुम्ही चालत आलात," ती म्हणाली. "धूर वर असतो. आईनं सांगितलंय, रांगत यायचं. तुम्ही दोघं नापास."

लेक पायरीवर बसली. आधी तिला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदम चाललं. काकांनी नातीला उचललं आणि छातीशी धरलं. पोरगी तडफडत होती, कारण तिचं काम अजून संपलं नव्हतं. ती खाली उतरली, स्प्रिंगनं हळूहळू मागे येणारं दार तिनं ओढून बंद केलं आणि आजोबांसारखं दोनदा ओढून बघितलं.

"आता धूर बाहेर येणार नाही," ती म्हणाली.

आता मात्र सगळेच बाहेर आणि सगळ्याच किल्ल्या आत. काकांनी दाराकडे बघितलं, दारानं काकांकडे. त्यांनी काकूंकडून केसातला आकडा मागून घेतला, बाह्या सरसावल्या आणि दारापुढे बसले. आकडा वाकला. मग शिंपीणवहिनींकडून मोठी सुई आली, ती वळून भलतीकडेच गेली. वहिनी स्वतः वर येऊन बघत उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून वाकल्या. काका घामानं निथळत होते, तोंडानं पुटपुटत होते, आणि प्रत्येक वेळी हरले की त्यांचा चेहरा आणखी खुलत होता.

"नाही उघडत," ते वळून म्हणाले. इतकं समाधान त्यांच्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं. "बघितलंत? मलासुद्धा नाही उघडत."

काकू पायरीवर लेकीशेजारी बसून सगळं बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी शिंपीणवहिनींना नुसती मान हलवून खूण केली. वहिनींनी झग्याच्या खिशातून एक जुडगा काढला आणि काकूंच्या हातावर ठेवला. त्याला अजून चहाच्या भुकटीचा वास येत होता.

"हे तुमच्याकडे कधीपासून?" काकांनी विचारलं.

"सोमवारपासून," वहिनी म्हणाल्या. "काकूंनी सांगितलं होतं, काका बाहेर अडकले तर लगेच देऊ नका. जरा बसू द्या त्यांना दाराबाहेर."

काकांनी बायकोकडे बघितलं. काकूंनी किल्ल्या त्यांच्यापुढे धरल्या, पण सोडल्या नाहीत. काकांना कळलं. ते बाजूला झाले, आणि काकूंनी पुढे होऊन एकेक कुलूप स्वतः उघडलं. त्यांना अर्थातच वेळ लागला. दूधवाला असता तर वरच्या मजल्यावर जाऊन परत आला असता.

दार उघडलं. भिंगरी सगळ्यांच्या पायांमधून आत पळाली आणि कड्यांच्या फळीवर तुटून पडली. लेकीनं भिंतीशी टेकवलेली निळी पिशवी उचलली. काका पिशवीकडे बघत होते. ती पिशवी घेऊन बाहेर नाही आली, आतल्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळानं कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बाबा," ती आतून म्हणाली, "हिचे स्वेटर कुठल्या कप्प्यात ठेवू?"

काका आत आले. त्यांनी खिळ्यावरचा जुडगा काढला, कमरेला लावायला घेतला, मग तिथेच परत अडकवला. आणि गुडघ्यांवर बसून नातीकडे रांगत निघाले.